गाडीच्या पाठीवरचे नाव

कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा ती कोणाचीच नसते. एकाच दिवशी तयार झालेल्या दोन पांढऱ्या स्कॉर्पिओ शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर त्यांतली आपली कोणती हे मालकालाही सांगता येणार नाही. सहा महिन्यांनी त्याच दोन गाड्या मुळशी तालुक्यात, पौडच्या बाजारात पाहा. एकीच्या मागच्या काचेवर राजमुद्रा आलेली असते, दारांच्या कडांना चकचकीत पट्टी लागलेली असते, चाकांना नव्या वाट्या बसलेल्या असतात. दुसरीच्या काचेच्या कोपऱ्यात हिरव्या रेडियममध्ये ७८६ असते, खाली मुलांची नावे असतात आणि बंपरला काळा गोंडा लोंबत असतो. आता अंधारातही मालक आपली गाडी ओळखतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गावही ओळखते.

यातले काहीच कंपनीने केलेले नसते. बरेचसे तर दुकानदारानेही केलेले नसते. पुण्याच्या नाना पेठेतून सामान आणायचे आणि रविवारी अंगणात गाडी धुऊन भावाच्या किंवा मित्राच्या मदतीने ते स्वतः बसवायचे, अशी आपल्याकडची रीत. शिकलेली माणसे याला भडकपणा म्हणतात आणि पोलीस नियमभंग म्हणतात. मी मराठी आणि उर्दू या दोन भाषा शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष रंगापेक्षा अक्षरांकडे जाते. आपल्या भागातल्या गाड्यांवर माणसे काय लिहितात, कधीपासून लिहितात आणि का लिहितात, याचा इतिहास कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो रस्त्यावर आहे, आणि आता वेगाने पुसला जातो आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात मोटारीच्या आधीपासून करावी लागेल. आपल्या गावांत वाहन सजवण्याची पहिली शाळा म्हणजे बैल. पोळ्याला बैलाची शिंगे साळतात, त्यांना हिंगूळ लावतात, वर बेगड चिकटवतात, टोकांना पितळी शेंब्या बसवतात. गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर गोंडे, पाठीवर झूल. अंगावर रंगाचे ठप्पे उठवतात आणि हौशी मालक तर बैलाच्या पाठीवर स्वतःचे नाव रंगवतो. ज्याच्यावर घर चालते त्याला वर्षातून एकदा तरी नटवायचे आणि गावातून मिरवायचे, ही कृतज्ञताही होती आणि ऐटही. या सजावटीत आपल्या लोकांचा हात पहिल्यापासून होता. गोंडे ओवणारा पटवेकरी, बेगड-हिंगूळ विकणारा अत्तार, शेंब्या नि घुंगरांची दुरुस्ती करणारा कारागीर यांत मुसलमान घरे ठिकठिकाणी होती. पोळा शेजाऱ्याचा, पण बैलाच्या शिंगावरचा रंग आपल्या दुकानातला. आजच्या गाडीच्या बंपरला लटकणारा गोंडा पाहिला की तो कुठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही. जनावर गेले, यंत्र आले, गोंडा तिथेच राहिला.

मोटार हे वाहन मात्र बैलासारखे नव्हते. दोन बैल कधी एकसारखे नसतात. मोटारी एकसारख्या असतात, कारण एकसारख्या बनवल्या तरच त्या स्वस्त पडतात. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी गाडी फक्त काळ्या रंगात विकली. तिच्या आधीच्या घोडागाड्यांच्या काळात युरोपातले सरदार गाडीच्या दारावर आपल्या घराण्याचे चिन्ह रंगवून घेत. आपल्याकडच्या संस्थानिकांनी तीच रीत मोटारींवर आणली. १९१० साली तर कलकत्त्याच्या एका इंग्रजासाठी हंसाच्या आकाराची मोटार इंग्लंडमध्ये बनवली गेली. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आज ती नेदरलँड्समधल्या संग्रहालयात आहे. थोडक्यात, गाडी वेगळी दिसावी ही हौस खेड्यातल्या माणसाने शोधून काढलेली नाही. फरक इतकाच, की महाराजाला गाडीच वेगळी घडवून घेता येत होती. सामान्य माणसाला सगळ्यांसारखी गाडी घ्यावी लागली आणि मग ती घरी आणून वेगळी करावी लागली.

स्वातंत्र्यानंतर तर आपल्याकडे निवडच नव्हती. अॅम्बेसेडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट आणि जीप. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मिळेल त्या रंगाची गाडी घ्यायची. अनेक दशके या गाड्यांचे रूप फारसे बदलले नाही. जे कंपनी देत नव्हती ते मग गॅरेजमध्ये आणि अंगणात तयार झाले. मागच्या काचेला जाळी, बंपरला नवी कल्हई केल्यासारखा मुलामा, बॉनेटवर पितळी घोडा, चाकांवर स्टीलच्या वाट्या, चिखल उडू नये म्हणून रबराचे पडदे आणि त्यावर लाल डोळे.

डोंगरी मुळशीत खरे राज्य जीपचे होते. ताम्हिणीच्या पावसात आणि कच्च्या रस्त्यावर दुसरे काही टिकत नसे. या जीपच्या कंपनीची एक गोष्ट आपल्या वाचकांना माहीत असावी. १९४५ साली ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ करण्यात आले. आद्याक्षरे तीच राहिली, एम आणि एम. एक माणूस आणि एक देश कागदावरून वजा झाला, तरी बाहेरून अक्षरे बदलली नाहीत. गाडीवरच्या अक्षरांमागे कोणाचे नाव दडलेले असते आणि कोणाचे निघून गेलेले असते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

जीप, ट्रक आणि काळ्या-पिवळ्या गाड्यांवर आधी रंगाच्या ब्रशने लिहिले जाई. पेंटर प्रथम खडूची दोरी मारून दोन ओळी आखायचा, मग अक्षरांचे सांगाडे काढायचा, मग रंग भरून एका बाजूला सावली द्यायचा. देवनागरीची शिरोरेषा सरळ येणे ही त्याच्या हाताची परीक्षा. उर्दूसाठी तोच हात उजवीकडून डावीकडे वळवावा लागे. आमच्या भागातल्या अनेक पेंटरांना दोन्ही यायचे. सकाळी ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ आणि म्हसोबाचे नाव लिहिणारा माणूस दुपारी दुसऱ्या ट्रकवर चाँदतारा काढायचा. देव गिऱ्हाईकाचा, हात पेंटरचा, आणि हे कोणालाच विशेष वाटत नसे.

मग रेडियम आले. या शब्दाचीही एक गंमत आहे. दुकानात मिळणाऱ्या चमकत्या चिकटपट्टीत रेडियमचा कणही नसतो. रेडियम हे मूलद्रव्य मेरी आणि पिअर क्युरी यांनी १८९८ साली शोधले. त्याचा लेप लावलेले घड्याळाचे काटे अंधारात चमकत, आणि पुढे चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आपण रेडियम म्हणू लागलो. आपली पट्टी स्वतः चमकत नाही. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा तसेच कोन असतात आणि समोरून पडलेला उजेड त्या आल्या दिशेने परत पाठवतात. म्हणूनच मागच्या गाडीचा दिवा पडला की अक्षर एकदम पेटल्यासारखे दिसते.

रेडियमने लेखन लोकांच्या हातात दिले. ब्रश चालवायला वर्षे शिकावे लागते. रेडियम कापायला धारदार ब्लेड, पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो. अक्षर उलटे आखायचे, मागचा कागद न फाटता वरची पट्टी कापायची, काच साबणाच्या पाण्याने ओली करायची, अक्षर तिच्यावर तरंगत ठेवून जागेवर सरकवायचे आणि रबराच्या पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जायचे. बुडबुडा राहिला तर सुईने टोचायचा. बंपरच्या गोलाईवर केस वाळवायच्या मशीनची गरम हवा दिली की पट्टी ताणून बसते. अंगणातली ही कारागिरी आमच्या मुलांना कोणी शिकवली नाही, एकमेकांचे पाहून ती शिकली. वर्गात शुद्धलेखन कच्चे असलेला मुलगा दारावर लिहिताना ‘आशीर्वाद’चा दुसरा अक्षर दीर्घ की ऱ्हस्व हे विचारायला येतो, कारण इथली चूक सगळे गाव वाचणार असते. आता यंत्रे आली आहेत. संगणकावर अक्षर जुळवले की यंत्र कापून देते. तरी चिकटवण्याचे काम अजून हातानेच होते.

इथपर्यंत कायद्याला फारशी अडचण नव्हती. अडचण होते ती नंबरप्लेटपाशी. बाकी गाडी मालकाची असली तरी ती एक पट्टी सरकारची असते. मोटारींना क्रमांक देण्याची सक्ती प्रथम पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली केली. ब्रिटनमध्ये ती १९०४ पासून लागू झाली आणि हिंदुस्थानसाठी मोटार वाहनांचा पहिला सर्वसाधारण कायदा १९१४ साली आला. आज आपण ज्या नियमांनी बांधलेले आहोत ते १९८९ चे केंद्रीय नियम. त्यानुसार क्रमांकातली अक्षरे इंग्रजीत हवीत आणि आकडे ‘अरबी’ हवेत. नियमातला हा शब्द वाचून माझ्यातला उर्दूचा शिक्षक हसतो. ज्यांना युरोप अरबी अंक म्हणतो ते भारतातून अरबांकडे गेले. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीने हिंदी आकडेमोडीवर पुस्तक लिहिले, १२०२ मध्ये फिबोनाचीने ती पद्धत इटलीत लोकांना समजावली, आणि अरब लोक स्वतः आपल्या अंकांना आजही ‘हिंदी अंक’ म्हणतात. म्हणजे भारताचे अंक अरबी नाव घेऊन इंग्रजी कायद्यातून परत आले आणि आपल्याच गावात देवनागरी १, २, ३ लिहिणाऱ्याला दंड होऊ लागला.

आपल्या लोकांनी या पट्टीवरही मार्ग काढला. आकडे बदलता येत नाहीत तर त्यांनाच अक्षरे करायची. ४१४१ हा क्रमांक इंग्रजी अंकांत लिहायचा, चारचे डोके थोडे वाकवायचे आणि एकचा काना करायचा, की ‘दादा’ वाचता येते. २१४ चा ‘राम’ होतो. ४९१२ चा ‘पवार’ होतो. ८०५५ मध्ये तर देवनागरीचीही गरज नाही, इंग्रजी अक्षरांतला ‘बॉस’ सरळ दिसतो. हे खुळ वाटेल, पण आकड्यांतून अक्षरे आणि अक्षरांतून आकडे काढण्याची विद्या फार जुनी आहे. संस्कृतात तिला कटपयादी म्हणतात. अरबी, फारसी आणि उर्दूत तिला अबजद म्हणतात. अबजदमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, आणि जुने शायर एखाद्याच्या मृत्यूचे किंवा मशिदीच्या बांधकामाचे साल एका ओळीच्या अक्षरांत बसवत. त्याला तारीख काढणे म्हणत.

७८६ याच विद्येतून आला. हिशोब कोणालाही करून पाहता येतो. ‘बिस्म’ या शब्दाच्या अक्षरांची बेरीज १०२, ‘अल्लाह’ची ६६, ‘अर्रहमान’ची ३२९ आणि ‘अर्रहीम’ची २८९. एकूण ७८६. कुरआनात किंवा हदीसमध्ये हा आकडा कुठेही नाही, आणि तो बिस्मिल्लाहची जागा घेऊ शकत नाही, असे सांगणारे आलिम बरेच आहेत. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण दक्षिण आशियात हा रिवाज का रुजला तेही समजून घ्यावे. पत्राच्या वर, हिशोबाच्या वहीत, दुकानाच्या पावतीवर पवित्र नाव लिहिले तर तो कागद कधीतरी पायदळी येणार. आकडा लिहिला तर मनात नाव राहते आणि नावाची बेअदबी होत नाही. गाडीच्या मागच्या बाजूस तर हा विचार अधिकच लागू पडतो. ताम्हिणीच्या घाटात पावसाळ्यात तिथे सारखा चिखल उडत असतो. त्या चिखलात कलमा लिहिण्यापेक्षा आकडा लिहिणे ही साध्या माणसाची अदब होती.

तर एका बाजूला ‘दादा’ आणि दुसऱ्या बाजूला ७८६. दोन्हींत माणूस सरकारी आकड्यातून आपले काहीतरी वाचू पाहतो. पण ‘दादा’ लिहिलेल्या गाड्या पुण्याच्या आसपासच, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच एवढ्या का वाढल्या? याचे उत्तर मुळशीच्या जमिनीत आहे.

मुळशीने जमिनीसाठी लढा दिला तो शंभर वर्षांपूर्वी. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळा नदीवर धरण घेतले आणि पन्नासच्या आसपास गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जाऊ लागली. १९२१ च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट पुढे होते आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. मावळे तुरुंगात गेले, लढा काही वर्षे चालला आणि हरला. धरण झाले, १९२७ पासून घाटाखालच्या भिऱ्यात वीज तयार होऊ लागली. पाण्याखाली गेलेल्या शेतांवर ज्यांची नावे होती त्यांना नावासाठी दुसरी जागा शोधावी लागली.

दुसऱ्यांदा जमीन गेली ती विक्रीने आणि संपादनाने, आणि तिच्याविरुद्ध कोणी ‘जान किंवा जमीन’ म्हटले नाही, कारण या वेळी पैसे येत होते. हिंजवडीचे आयटी पार्क याच तालुक्यात उभे राहिले. भूगाव, पिरंगुटपर्यंत शहर आले, मोसे खोऱ्यात लवासा आले. भाताची खाचरे गुंठ्यांच्या भावाने विकली गेली. जमीन विकली की तलाठ्याकडे फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरचे जुने नाव कमी होते. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यांत अशा नावाला कंस करत. आजोबाचे नाव, बापाचे नाव, चुलत्यांची नावे, सगळी कंसात गेलेली, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे समजेल. ज्या घराचे नाव गावच्या दप्तरात तीन पिढ्या होते त्या घरातल्या तरुणाकडे अचानक पैसा आला आणि नाव गेले. त्या पैशातून त्याने पहिली वस्तू घेतली ती गाडी, आणि त्या गाडीवर पहिली गोष्ट लिहिली ती नाव. शहर त्याला ‘गुंठामंत्री’ म्हणून हसले. २०१८ साली आलेल्या ‘मुळशी पॅटर्न’ या प्रवीण तरडे यांच्या चित्रपटाने याच पैशाचा आणि त्यामागच्या गुन्हेगारीचा शेवट दाखवला. पण त्या गाडीवरचे ‘दादा’ हे सातबाऱ्यावरून कमी झालेल्या नावाचे नवे ठिकाण आहे, हे मात्र हसणाऱ्यांच्या लक्षात आले नाही.

हे मी मुसलमान वाचकांना मुद्दाम सांगतो आहे. शेजाऱ्याच्या गाडीवरचे मोठे अक्षर पाहून आपल्याला कधी धाक वाटतो, कधी राग येतो. पण नाव पुसले जाण्याचे दुःख आपल्याला नवे नाही. शेजारीही त्याच दुःखातून लिहीत असेल, अशी शंका आपल्याला तरी यायला हवी.

इथे कायद्याची बाजूही मांडली पाहिजे, कारण सगळीच सजावट निरुपद्रवी नसते. काळ्या काचांआड काय चालते हे दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचांवर वरून फिल्म चिकटवण्यास बंदी केली. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड जायला हवा, आणि तोही मुळातल्या काचेतूनच. पुढे बसवलेले लोखंडी गार्ड रुबाबदार दिसते, पण धडक बसली की पायी चालणाऱ्याला अधिक जखमी करते आणि गाडीच्या सांगाड्यातली धक्का सोसण्याची सोय निकामी करते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले. ट्रकच्या मागचे ‘हॉर्न ओके प्लीज’ राज्याने २०१५ मध्ये बंद केले, कारण ते विनाकारण भोंगा वाजवायचे आमंत्रण होते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध जाईल असा बदल गाडीत करता येणार नाही. माझे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी हेच सांगतो. दिसण्यात अडथळा आणणारे, टोचणारे, डोळे दिपवणारे, क्रमांक लपवणारे काहीही लावू नका. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, तो बदलायचा तर आधी आरटीओला विचारा. बाकी गोंडा तुमचा.

न्याय्य गोष्ट अशी, की १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेही गेले. तोपर्यंत सर्वांत मोठी सजावट सरकारचीच होती आणि तिला कोणी भडक म्हणत नव्हते. पण विषमता पूर्ण गेली असे नाही. आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती मुळातूनच लागून येते, आणि पुढे जुन्या गाड्यांनाही ती बसवून घेण्यासाठी रांगा लागल्या. अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यात अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, ठरलेल्या वळणाची उठावदार अक्षरे आणि एकदा बसले की काढता न येणारे कुलूप. चारचे डोके आता वाकवता येत नाही. चोरीच्या गाड्या शोधण्यासाठी हे चांगलेच आहे. मात्र ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी दुसरे दार उघडे आहे. आवडीच्या क्रमांकाचे शुल्क राज्याने २०२४ मध्ये वाढवले. चारचाकीसाठी ‘१’ हा क्रमांक ३ लाखांऐवजी ५ लाखांना, आणि मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ६ लाखांना झाला. स्वतःच्या हाताने, ब्लेड आणि साबणाच्या पाण्याने नाव लिहिणाऱ्याला दंड. नाव विकत घेणाऱ्याला पावती.

आता राहिली मागची काच. तिथे आजही लिहिता येते, आणि तिथेच आपल्या समाजातला एक नवा प्रश्न उभा आहे. गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतली काही घरे लांबच्या प्रवासाला निघण्याआधी काचेवरचे ७८६ किंवा चाँदतारा खरवडून काढतात. कोमट पाणी, जुने एटीएम कार्ड आणि दहा मिनिटे. चिकट डाग राहिला तर रॉकेलचा बोळा. कोणी विचारले तर सांगतात, ‘जुने झाले होते.’ काही जण म्हणतात, मौलानांनी सांगितले की हे लावायचे नसते. खरे कारण घरात सगळ्यांना माहीत असते. ज्या चिन्हाने पूर्वी मन शांत व्हायचे, त्याच चिन्हाने आता एखाद्या अनोळखी टोलनाक्यावर काळीज धडधडते.

यावर काही तरुणांचा उलटा मार्ग आहे. अधिक मोठे अक्षर, अधिक तिखट वाक्य, तलवारीचे चित्र. समोरच्याच्या काचेवर डरकाळी फोडणारा वाघ आहे, तर आमच्यावरही काहीतरी हवे. मला दोन्ही मार्ग पटत नाहीत. पोळ्याच्या बैलावरचे ठप्पे किंवा पेंटरची जुनी अक्षरे आठवा. ती आपले सांगत होती, कोणाला दरडावत नव्हती. गाडीवरचे लिखाण मागून येणाऱ्या अनोळखी माणसाने वाचायचे असते, आणि त्याला आपण काय सांगतो यावर आपली तहजीब कळते.

प्रवासाची जी दुआ अनेक जण डॅशबोर्डवर लावतात ती कुरआनातल्या ज्या सूरेत आहे तिचे नाव ‘जुखरुफ’. त्या शब्दाचा अर्थच सोन्याची सजावट. सजावट हे जिचे नाव, तिच्यातच वाहनावर बसताना म्हणायचे शब्द आहेत, आणि त्यांचा आशय असा की हे वाहन आमच्या ताब्यात दिले गेले आहे, आमच्या अंगी ती ताकद नव्हती आणि शेवटी आम्हाला परत जायचे आहे. गाडीच्या बाहेर ‘दादा’, ‘बॉस’ किंवा तलवार लावणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाला हे आतून म्हणता आले तर ताम्हिणीच्या वळणावर त्याचा पाय आपोआप ब्रेककडे जाईल.

७८६ काढायचे की ठेवायचे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. अबजद दीनचा भाग नाही असे ज्याला पटले असेल त्याने ते खुशाल काढावे. परंतु भीतीने काढले जात असेल, तर तो एकट्या मुसलमानाच्या काचेचा प्रश्न राहत नाही. पौडच्या बाजारात ज्याच्या गाडीवर राजमुद्रा आहे त्या शेजाऱ्यालाही मग विचारावे लागेल, की बाबा रे, तुझे नाव सातबाऱ्यावरून गेले तेव्हा तुला जे वाटले, तेच आमच्या मागच्या काचेबद्दल आम्हाला वाटू लागले आहे. तुला ते दिसते का?